ओडेसाबाईची हळद

सरूनं एका गाण्याविषयी बोलायचं कबूल केलं होतं आणि ते गाणं तिनं जन्मात ऐकलेलं नव्हतं. शिकलेल्या माणसांना असल्या हिंमती सुचतात.

झालं असं, की रोह्याला नुकती रेल्वे आली होती आणि पलीकडे अष्टमीत सॅम्युएल सरांचं वाचक मंडळ रडतखडत चाललं होतं. सर जुने मास्तर, विधुर. त्यांची बेने इस्रायल मंडळी, म्हणजे कोकणातले ज्यू, बहुतेक देश सोडून गेली. सर मात्र पेटीभर पुस्तकं आणि एक मांजर सांभाळत मागे राहिले. त्या पेटीतली एक जाडी इंग्रजी कादंबरी सरूनं वाचली. लिहिणारी अमेरिकेतली काळी बाई, ओडेसा प्रूइट, आणि पानोपानी तिथल्या काळ्या लोकांचं ब्लूज नावाचं गाणं. वाचून पोर पागल झाली. भात करपवला, नवऱ्याच्या डब्यात कालवण द्यायचं विसरली आणि सरांना म्हणाली, "ह्या बाईवर मी बोलते."

मंडळात कमळाकर वकील होते, हॉलच्या किल्ल्या त्यांच्याकडं. ते म्हणाले, "बोला की. पण ते ब्लूज का काय, ते रडगाणं आपल्या लोकांना कसं कळायचं? गेल्या खेपेला निम्मे झोपले होते. ह्या खेपेला झोपले तर रविवारचा हॉल योगासनवाल्यांना देऊन टाकू."

म्हणजे सरूची बाई पडली तर मंडळही पडणार.

घरी एक उपाय होता, पण तो तिच्या सासूच्या गळ्यात होता. हौसाबाई म्हणजे कासूकडच्या खाडीपट्ट्यातली नावाजलेली धवलारीण, लग्नातले धवले गाणारी. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण नाही आली तर नवरा बोहल्यावर चढत नाही. ती ओळ टाकते, मागच्या बायका ती झेलतात, आणि लग्न पुढं सरकतं.

"आई, चार ओळी म्हणाल का तिथं? ह्या बाईचं लिहिणं तसंच आहे. तिची आई लोकांचे कपडे धुताना गायची. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत दुःखाचीच टर उडवायची. पोरीनं कादंबऱ्याही तशाच लिहिल्या."

"धवला लग्नात म्हनतात," हौसाबाई कोलंबी सोलता सोलता म्हणाली. "नवरी नाय, हळद नाय, आन् मी काय वकिलाच्या तोंडाकडं बघून गाऊ?"

"एकदाच."

"एकदाच म्हनत म्हनत सवय लागते. मी कायदा मोडनार नाय. येते मात्र. आमची सून चार लोकांत काय बोलते, ते बघाया नको?"

आणि आलीच. नऊवारी कडक, नाकात नथ, पहिल्या रांगेत अशी बसली, की वकिलांनी आपली खुर्ची मागं घेतली.

सरू बोलायला उभी राहिली. कापसाच्या मुलखातलं लहानपण सांगितलं. गावात वाचनालय होतं, पण काळ्यांना दार बंद, म्हणून ओडेसा कागदांच्या रद्दीतून वाचायला शिकली. मोठेपणी शिकागोत स्टेशनाच्या फरश्या पुसल्या आणि सुट्टीच्या दिवशी पहिली कादंबरी लिहिली. इथवर लोक जागे होते. मग सरू म्हणाली, "आता ब्लूजची रचना पाहू," आणि मागच्या रांगेत एकानं जांभई दिली. जांभईला भाऊबंद फार. वकिलांनी घड्याळ बघितलं. सरूनं सासूकडं पाहिलं. सासू छताकडं पाहत होती.

सरू घाईनं शेवटाकडं वळली. "बाई आता सत्तरीच्या आहेत. लग्न केलं नाही. एकट्याच—"

"थांब गो सरे," हौसाबाई म्हणाली. सगळा हॉल दचकून जागा झाला. "जिती हाय ती?"

"हो, आई."

"आन् हळद लागली नाय?"

"नाही."

"एवढी शाणी बाय, सगल्या जगाचं दुःख लिवलंन, आन् तिच्यासाठी कुनी धवला म्हटला नाय?" हौसाबाई उभी राहिली. "मंग नवरी तर हाय. घरात नसंना का. परगावची नवरी आमी काय आजच बघतो?"

"पण नवरा?" वकिलांनी हसत विचारलं.

हौसाबाईनं हॉलभर नजर फिरवली. लग्न झालेली माणसं वगळली, मिसरूड न फुटलेली वगळली, आणि नजर येऊन थांबली ती सॅम्युएल सरांवर. सर चष्मा पुसत होते. पुसायचे थांबले.

"मास्तर, तुमी पुस्तकवाले, ती पुस्तकवाली."

"अहो हौसाबाई, आमच्यात मेंदी असते."

"मेंदी मागाहून लावा. आधी हळद." आणि तिनं ओळ टाकली:

*हलदी वाटली गो वाटली, मांडवाच्या दारी…*

आवाज जुना, पण अजून धारेला होता. ओळ हॉलमधून फिरली आणि कुणी झेललीच नाही. मंडळातल्या बायका एकमेकींच्या पदराकडं बघू लागल्या. हौसाबाई गप्प उभी राहिली. ओळ झेलली गेल्याशिवाय धवलारीण पुढं जात नाही, मग सूर्य मावळला तरी चालेल.

सरू तेरा वर्षं ह्या घरात नांदत होती. कॉलेजात शिकलेल्या बाईनं मांडवात बसून कसं गायचं, म्हणून प्रत्येक लग्नात ती स्वयंपाकाकडं पळायची. आता पळायला स्वयंपाकघर नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि झेलली:

*हलदी वाटली गो वाटली, मांडवाच्या दारी…*

मग हौसाबाईनं तिथल्या तिथं तिसरी जुळवली:

*ओडेसा बाय नवरी झाली, सात दर्यांच्या पारी!*

दुसऱ्या फेरीला बायका आल्या, तिसऱ्या फेरीला वकील, तेही बेसूर. सर लाजून इतके लाल झाले, की त्यांच्या गालावर हळद दिसलीही नसती. कादंबरीतलं धुणं धुणाऱ्या बाईचं पान सरूनं मग मराठीत करून वाचलं, तशीच एक ओळ दोनदा आणि तिसरी हसत, तेव्हा एकही जांभई आली नाही. पहिल्यांदा सांगितलेलं दुःख कुणी ऐकत नाही म्हणून दुसऱ्यांदा सांगायचं, हे अष्टमीच्या बायकांना समजवावं लागलं नाही. हॉल मंडळाकडंच राहिला.

परतीच्या गाडीत सरू खुशीत होती. सासूनं खुशी फार वेळ टिकू दिली नाही.

"दुसरी ओल खाली घेतलीस."

"पहिल्यांदाच म्हटलं, आई."

"म्हनून सांगते. पुन्हा म्हन."

"इथं? गाडीत?"

"मंग काय खाडीत?"

सरूनं म्हटली. समोर टोपली घेऊन बसलेल्या, त्यांच्याच गावच्या धोंडुबाईनं कान टवकारले. "कुनाचं लगीन गो?"

"आमच्या मास्तरचं," हौसाबाई म्हणाली.

"नवरी कुठली?"

"लांबची हाय. यायला वेल लागंल." आणि टोपली पायानं बाजूला सारून ती सरूला म्हणाली, "बघतेस काय? झेल."