द्राक्षमळ्यात एकटी

द्राक्षमळा बघायला एकटीनं जायचं, यात घरातल्यांना नेमकं काय खुपलं? द्राक्षं खुपली नाहीत, मळा खुपला नाही, एकटी खुपली. सासूबाई म्हणाल्या, जाऊ की सगळे मिळून, ढमी जरा मोठी होऊ दे. ढमी म्हणजे माझी लेक, तेव्हा नुकती बसायला लागलेली. ती जरा मोठी झाल्यावर मी काय काय करायचं, याचा ढीग तिच्यापेक्षा भराभर वाढत होता.

नवऱ्याला वेगळंच कोडं. तू तर सध्या वाइन पीत नाहीस, मग तिथे जाऊन करणार काय? मी म्हटलं, बघणार. बस मळ्याच्या फाटकाशीच थांबते, आत जायला पैसे पडत नाहीत, डबा माझा मी नेते. याहून स्वस्तात कुणाची बायको मन रमवत असेल तर दाखव. तो हसला. हसला म्हणजे हो म्हणाला, असं मी धरून टाकलं.

पहाटेपासून अंगावरचं दूध काढून बाटल्यांत भरून ठेवलं. निघताना सासूबाई दारात आल्या. ती बाटली तोंडात धरणार नाही, सांगून ठेवते, म्हणाल्या. धरेल, मी म्हटलं आणि चपला घातल्या. ढमीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर चपला काढाव्या लागल्या असत्या.

बसमध्ये खिडकी मिळाली. मांडी इतकी मोकळी होती की काय करावं सुचेना, म्हणून पिशवी घेतली मांडीवर. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, मी पिशवीला थोपटत होते. शेजारच्या बाईनं ते बघितलं आणि समजूतदारपणे खिडकीबाहेर बघू लागली.

मळ्यावर सगळ्या जोड्या. माहिती द्यायला एक तरुण मुलगी होती, तिनं माझ्या मागे डोकावून विचारलं, अजून कुणी यायचंय का? मी म्हटलं, मीच यायची होते, आले. मग आम्ही वेलींच्या रांगांमधून निघालो. तारांवर चढवलेल्या वेली, खाली लोंबणारे घोस, घोसांवर पांढुरकी झाक. मी एका मण्यावर बोट फिरवलं. ढमीच्या कानाची पाळी अशीच लागते हाताला.

मुलगी सांगत होती, वेलीला मुद्दाम पाण्याचा ताण देतात. जरा तहानलेली ठेवली की फळ गोड येतं. टोपीवाले एक काका लगेच आपल्या बायकोकडे वळून म्हणाले, ऐकलंस, कष्टाशिवाय गोडवा नाही. काकूंनी पाण्याची बाटली उघडली आणि सगळी पिऊन टाकली. मला त्या फार आवडल्या.

मग लांब टेबलाशी चव घ्यायला बसवलं. प्रत्येकापुढे घोटभर वाइन आणि मधे एक बादली. दिवसभर चवी घेणारे लोक तोंडात घोळवून बादलीत थुंकतात, त्यात लाज नाही, असं मुलीनं सांगितलं. कुणीच थुंकेना. मला तर अंगावर पाजायचं होतं. मी घोळवली, जिभेवर आंबट, कडू, मागून काहीतरी उबदार असं सगळं येऊ दिलं आणि बादलीत टाकली. टोपीवाले काका म्हणाले, "एवढ्या लांब येऊन थुंकायचंच होतं होय?"

"गिळते मी घरी," मी म्हटलं.

काकूंना ठसका लागला. पुढचा घोट त्यांनीही बादलीत टाकला.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा. त्याच्या आवाजाच्या मागे ढमीचा आवाज, तो टिपेचा, श्वास अडकवणारा. तो ऐकला आणि माझा पान्हा फुटला, सदरा ओला झाला. मी उठून बाहेर गेले. तो म्हणाला, ती बाटली घेतच नाहीये, आई म्हणते तुला दुपारची बस मिळेल.

"तुझं काय म्हणणं आहे?"

"मला जमत नाहीये गं."

"मलाही जमत नव्हतं. तेव्हा मी कुणाला बोलावलं होतं? घे तिला आणि जमव. मी संध्याकाळच्या बसनं येते."

बोलले खरी, पण पाय फाटकाकडे गेलेच. बस आली, दार उघडलं. ड्रायव्हरनं विचारलं, येताय ना ताई? घरी रडणारी लेक, छातीत दुधाचे दगड झालेले, आणि समोर उघडं दार. आज चढले तर आयुष्यभर प्रत्येक दुपारच्या बसमध्ये मला चढवतील, हे मला स्वच्छ दिसलं.

"नाही येत," मी म्हटलं.

बस गेली. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले, ओढणी पांघरली आणि हातानं दूध मातीत पिळून टाकलं. एकेक थेंब बाटलीत साठवलेला असला की ते किती जिवावर येतं, काय सांगू. रडले. मग डबा उघडला, उकडलेली अंडी आणि पाव. दोन्ही हातांनी, बसून, कुणाला भरवल्याशिवाय खाल्लं. फोन वाजला नाही. वाजला नाही याची भीती वाटता वाटता तिथेच सावलीत झोप लागली.

संध्याकाळी दार नवऱ्यानं उघडलं. अंगात माझा फुलाफुलांचा गाउन, खांद्यात उसवलेला, खाली त्याची पँट. खांद्यावर ढमी, ओठाच्या कोपऱ्यात दूध, गाढ झोपलेली. कुजबुजत म्हणाला, तुझा वास आला की घेते. दोन बाटल्या संपवल्यान्.

मी हात पुढे केले तर तो मागे सरकला. "थांब, आत्ता निजलीये."

सासूबाई आतून म्हणाल्या, फिटली का हौस?

"नाही फिटली. तोडणी सुरू झाली की परत जाणार आहे."

मला वाटलं, आता उठेल वादळ. नवऱ्यानं ढमीचं डोकं नीट खांद्यावर टेकवलं.

"मग हा गाउन धुवायला टाकू नकोस," तो म्हणाला.