काळ्या कडेचं पुस्तक

आमच्या भावोजींच्या तोंडाला कुलूप नाही, हे ताईच्या लग्नापासून सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी चहाच्या टेबलाशी मीच गप्प बसायला हवं होतं. माझी सून कॉलेजात गणित शिकवते. मुलं विकलनाला फार घाबरतात, असं ती सांगत होती. मी सहज म्हणाले, "आम्हालाही होतं की ते बारावीला."

"होतं ना!" भावोजी खिदळले. "त्यातच तर आपटलात! चार मार्कांनी!"

भावोजी हसले त्याचं काही नाही, ते स्वतःच्या विनोदालाही हसतात. पण सून हसली. कप तोंडाला लावून हसली, म्हणजे मला दिसणार नाही असं तिला वाटलं. अहो, तीस वर्षं लोकांची मापं घेतेय मी. कोण पोट आत ओढून उभं आहे ते मला लांबून कळतं, हे कळणार नाही?

चौथ्या दिवशी मी बारावीच्या गणिताचा फॉर्म भरून आले. वय सत्तावन्न, परीक्षा पाच महिन्यांवर. सून म्हणाली, "आई, मी शिकवते ना." म्हटलं, "तू तुझ्या कॉलेजातलं बघ, माझं मी बघेन." मुलगा मधे पडला नाही. शहाणा आहे. आता पास व्हायचं, आणि तेही हिच्या मदतीवाचून, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आधी पुस्तक हवं. दुकानात गेले आणि कापड बघतात तसंच बघितलं. पान चोळून पाहिलं, मधे उघडून शिवण तपासली. एक पुस्तक काय सुरेख शिवलेलं! कुठंही उघडा, सपाट पडतं. डोळे मिटून घेतलं. घरी येऊन पाहते तर पहिल्याच पानावर, 'हे उघडच आहे की...' कोणाला उघड? मला तर सगळं बंदच दिसत होतं. शेवटी तर कहर, 'वाचकांनी हे स्वतः पडताळून पाहावे.' मग तुम्ही काय केलंत, बाबा?

दुसरं घेतलं ते सोपं म्हणून. त्यात पानोपानी एक हत्ती हसत होता. आधीच घरात दोघं हसलेले, त्यात हा तिसरा. तिसऱ्यात नुसती उत्तरं होती. ती पाठ केली, पण प्रश्न कोणते ते कळेना.

असे सहा आठवडे गेले. शेवटी तिन्ही पुस्तकं पिशवीत घालून मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात बदलायला नेली. दुकानदाराने ती उघडलीसुद्धा नाहीत. बाजूने धरून उजेडात वाकडी केली.

"ह्यात वीस पानं झाली, ह्यात अकरा," तो म्हणाला. "आणि ह्या हत्तीवाल्यात काहीच नाही."

"तुम्हाला कसं कळलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ताई, पुस्तकाची कड बघायची. जिथवर बोटांचा मळ, तिथवर माणूस पोचला. गणिताची सगळी अशीच येतात, पुढे दोन बोटं काळी आणि मागे पांढरीशुभ्र."

मेल्याने भर दुकानात माझी अब्रू काढली. पण खोटं कुठे होतं त्यात? मी खाली मान घालून विचारलं, "शेवटपर्यंत काळं आहे का एखादं?"

बराच वेळ शोधून त्याने एक काढलं. शिवण उसवलेली, पाठीला चिकटपट्टी, एरवी मी हातही लावला नसता. पण कड पहिल्यापासून शेवटपर्यंत काळीकुट्ट. तिन्ही देऊन ते एक घेतलं, आणि सौदा मलाच स्वस्तात पडला असं स्वतःला सांगत घरी आले.

आत कुणीतरी पेन्सिलीने समासात लिहिलं होतं, 'कळलं नाही.' खाली, 'अजून नाही.' त्याखाली, 'विचारलं. कळलं.' दहा पानं उलटली, तेच. शंभर पानं उलटली, तेच. मला असा संताप आला! म्हणजे ह्या माणसाकडे विशेष काही नव्हतंच. अडला की उठून कुणालातरी विचारत होता, बस्स.

मी सतराव्या पानावर अडले. एका संख्येने शून्याच्या जवळ जायचं, आणखी जवळ जायचं, पण टेकायचं नाही. अहो, टेकायचंच नाही तर जायचं कशाला? दोन दिवस डोकं फोडलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उठले आणि सुनेच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ती पेपर तपासत होती.

"मला हे येत नाही," मी म्हणाले. "आणि तू त्या दिवशी हसलीस ना, ते मला फार लागलं."

तिने पेन खाली ठेवलं. तिचा चेहरा पार उतरला. "चुकलंच माझं, आई," ती म्हणाली. मग शेजारची खुर्ची ओढून तिच्यावरचे पेपर उचलले. मी बसले. पुस्तक पुढे केलं. तिने पान पाहिलं, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि एकदम आवाज बदलला.

"वही कुठे आहे?"

"आणली नाही."

"वहीशिवाय माझ्या वर्गात बसायचं नाही. जा, घेऊन या."

सून येऊन नऊ वर्षं झाली, पण ह्या घरात मला असं उठवायची कुणाची छाती झाली नव्हती. मी पळतच गेले.