तिघांना तीन आकडे

पूल आणि बोगदे बांधणाऱ्या एका खात्यात ताई संख्याशास्त्रज्ञ होती. इंजिनियर मंडळी आपापले अंदाज पाठवायची आणि ते एकमेकांशी भांडत नाहीत ना, हे ती तपासायची. एखाद्याने आधी "पूल टिकेल, सत्तर टक्के" लिहावं आणि पुढे "खचेल, पन्नास टक्के" असंही ठोकून द्यावं, की हिने कागद परत धाडलाच.

"पूल टिकेल का ते मला नाही कळत, साहेब," ती फोनवर समजावून सांगायची. "पण तुमची बेरीज शंभराच्या वर जातेय. तुमच्या मनात नक्की काय आहे ते एकदा ठरवा."

हल्ली मात्र हे बोलतानाही तिचा जीव मेटाकुटीला यायचा. बाबा इस्पितळात होते. हृदयाची झडप निकामी होत आलेली, त्यात मूत्रपिंडंही थकलेली. ऑपरेशन करायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ताईने आकडा मागितला तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"ऑपरेशनातून उठतील याची शक्यता साठ टक्के. नाही केलं तर काही महिने. फार तर वर्ष."

बाहेर आई बसली होती. तिचा चेहरा बघून ताईच्या तोंडून ऐंशी निघून गेले. धाकटा भाऊ परगावी, रजा मिळत नाही म्हणून चालढकल करत होता. त्याला तिने तीस सांगितले. आणि बाबांनी विचारलं तेव्हा "पंचाण्णव टक्के, काळजीच नको" असं म्हणत तिने त्यांचं पांघरूण सारखं केलं. प्रत्येक वेळी तिला तेच बरोबर वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई कँटीनमधून चहा घेऊन आली तर धाकटा बॅगेसकट बाबांच्या खाटेपाशी उभा. आईचे डोळे लाल.

"ताई, आईला ऐंशी, मला तीस?" तो म्हणाला. "बाबा एकच आहेत ना?"

"मला तर पंचाण्णव सांगितलेत," खाटेवरून बाबा म्हणाले. त्यांना हसू आलं, त्याचा खोकला झाला, आणि आई पाठ चोळत बसली.

ताई स्टुलावर टेकली. सारवासारव करायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"आईला धीर यावा म्हणून. तू यावास म्हणून. बाबा, तुम्ही घाबरू नये म्हणून."

"ते कळलं गं," बाबा म्हणाले. "पण तुझ्या मनात काय आहे?"

आणि तिच्या लक्षात आलं, की हे तिने स्वतःला विचारलंच नव्हतं. जिथे उभी राहील तिथला आकडा तिला खरा वाटत होता.

"डॉक्टर साठ म्हणतात," ती सावकाश म्हणाली. "मला पंचावन्न वाटतात. म्हणजे न उठण्याचे पंचेचाळीस, बाबा. आता कुणीही विचारलं तरी हेच सांगेन."

बाबांनी पांघरूण बाजूला सारलं.

"मग राहू दे ऑपरेशन. घरी चला."

"तुझे ऐंशीच बरे होते," आई तिला म्हणाली आणि पदराने डोळे टिपत बाहेर गेली. दोन-तीन दिवस ती ताईशी धड बोललीही नाही.

बाबा घरी आणखी सात महिने जगले. धाकटा आठवड्याच्या सुट्टीला येत राहिला. दोघे पत्ते खेळायचे आणि बाबा उघड उघड लबाडी करायचे. शेवटचा महिना वाईट गेला. श्वास पुरत नसे, उशीला टेकून बसवावं लागे.

बाबांचे दिवस झाल्यावर एका संध्याकाळी आई भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "केलं असतं ऑपरेशन, तर?"

"माहीत नाही गं आई."

"तुझे ते पंचावन्न बरोबर होते का?"

"तेही नाही माहीत. तेव्हा मला तेवढेच वाटत होते, इतकंच."

आईने नुसतं हुं केलं. मग अर्धी भाजी ताईपुढे सरकवली, आणि दोघी निवडत बसल्या.