चावी भाऊजींच्या खिशात

जयसिंहरावांच्या मोटारीची बॅटरी दोनदा बसली, आणि दोन्ही वेळा भर पाटणकर बाजारात टांगेवाल्यांनी ती मोटार ढकलली. पहिल्या वेळी टांगेवाले नुसते हसले. दुसऱ्या वेळी एकानं अदबीनं विचारलं, "सरकार, घोडा जोत दूँ?" तिथून जयसिंहराव थेट पडाव भागात दौलतसिंह मिस्त्रीकडे गेले.

मी बरोबर होतो. कारकुनाचं तेवढंच काम उरलं होतं. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, फौजेतला हुद्दा गेला, शोफर गेला, मोटार हाकणं सरकारांच्या स्वतःच्या हातात आलं. मी राहिलो, कारण मला जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

दौलतसिंहानं डॅशबोर्डखाली डोकं घातलं. "हुजूर, ये पंखे का सॉकेट सीधा बॅटरी से जुड़ा है। गाडी बंद, चावी जेब में, फिर भी पंखा चालू। बॅटरी बैठेगी नहीं तो क्या नाचेगी?"

पंखा विजयाबाईंचा, म्हणजे जयसिंहरावांच्या विधवा वहिनीसाहेबांचा. सरदारांच्या बायका मोटारीतून उतरत नसत. पुरुषमंडळी आत पानसुपारी करीत, आणि या मागच्या सीटवर चहूबाजूंनी पडदे ओढून बसून राहात. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पडद्याआड बसणं म्हणजे काय, हे थोरल्या सरकारांना कधीतरी कळलं असावं. त्यांनी बायकोसाठी मोटारीत छोटा पंखा बसवून घेतला. त्यांच्या खात्यावर ही एक ठळक जमा. खर्चाची बाजू मोठी होती, पण मेलेल्या माणसाची ती बाजू मी उघडत नाही.

"मग चावीतून जोड," जयसिंहराव म्हणाले.

"जोड देता हूँ। चावी घूमेगी तभी पंखा घूमेगा। मगर इंजन बंद रखके चावी चालू मत छोड़ना, कॉइल फुंक जाएगी।" मग तो घुटमळला. "और बाईसाहब अंदर बैठी रहीं तो?"

"ज्याच्या खिशात चावी, त्याच्या खिशात वारा," जयसिंहराव माझ्याकडे बघून म्हणाले. मिस्त्रीनं बॅटरीकडून आलेली तार सोडवली आणि सॉकेटची जोडणी चावीच्या पलीकडे नेली. काम छोटं होतं. ते बॅटरीसाठीच आहे अशी माझी त्या दिवशी समजूत होती.

कंपू भागातलं घर थोरल्यांनी विजयाबाईंच्या नावे केलेलं. नव्या राज्याच्या एका खात्याला कचेरीसाठी घर हवं होतं, आणि जयसिंहरावांना त्या खात्यात जागा हवी होती. घर द्यावं, वहिनीसाहेबांना आपल्या मागच्या दोन खोल्यांत आणावं, आणि आपण खुर्चीत बसावं, असा त्यांचा हिशेब. विजयाबाई नाही म्हणाल्या. मग जयसिंहरावांनी गोड आवाजात सांगितलं, "तुमची नाही तर नाही. पण खात्याच्या साहेबांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. मोटारीत नुसतं बसायचं. ते खाली येऊन पडद्याबाहेरून विचारतील."

जुन्या कचेरीत तशीच रीत होती. अंमलदार मोटारीशी येई, पडद्याआडून आवाज येई, संमती झाली. नवे साहेब मात्र इंदूरकडचे.

दुपारी कचेरीपाशी पोचलो. जयसिंहरावांनी मोटार उन्हातच उभी केली. पलीकडे लिंबाची सावली होती. मी बोट दाखवलं. "तिथं वकील बसलेत," ते म्हणाले. चावी काढून खिशात घातली आणि वर गेले. मागचा पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला.

"लक्ष्मीकांत, पंखा का थांबला?" पडद्याआडून आवाज आला. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. आवाज मात्र माझ्या आईच्या आवाजाइतका ओळखीचा.

मी मिस्त्रीची सगळी हकिकत सांगितली.

"चावी घेऊन या."

वर गेलो. इंदूरकर साहेब जयसिंहरावांना ऐकवत होते, "गाडीपाशी जाऊन जबानी घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, राव. ग्वाल्हेरकरांचे थाट आता पुरे."

"थाट नव्हे, घराण्याची रीत. थोडं थांबा, त्या हो म्हणतीलच," जयसिंहराव म्हणाले. मला पाहताच ते जिन्यापाशी आले.

"सरकार, चावी. आत भट्टी झालीय."

"त्यांना सांगा, हो म्हटलं की चावी खाली येईल. तोवर कॉइलची काळजी घ्यायला हवी ना!"

मी निरोप जसाच्या तसा खाली नेला. मऊ करून सांगायची माझी सवय, पण त्या दिवशी मन झालं नाही.

"असं म्हणाले भाऊजी?"

"अगदी असंच."

पडदा बाजूला झाला आणि एक पाय बाहेर आला. मी सवयीनं तोंड फिरवलं. पुन्हा बघितलं तेव्हा पांढरं लुगडं नेसलेली, घामानं निथळणारी एक उंच बाई वकिलांच्या घोळक्यातून चालली होती. घोळक्यानं आपण होऊन वाट दिली. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

साहेबांच्या खोलीत त्या दारातच उभ्या राहिल्या. "घर द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "संमती नाही."

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

जयसिंहरावांच्या तोंडचा रंग उडाला. भावजय चार लोकांत उघड्या तोंडानं उभी आहे हे कबूल करणं त्यांना खुर्ची जाण्याहून जड. ते भरकन बोलून गेले, "ही दासी आहे. डोकं फिरलंय. वहिनीसाहेब खाली मोटारीत आहेत."

"दासी?" विजयाबाई म्हणाल्या. "बरं. मग जा की साहेब, वहिनीसाहेबांना विचारून या. भाऊजी घेऊन जातील."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कारकून, ह्या कोण?"

"चेहरा मी कधी पाहिला नाही, साहेब," मी म्हणालो. "आवाज ओळखतो."

साहेब उठले. पद्धत मोडून स्वतः खाली निघाले. माणसाला रीत सोडवत नाही, पण गंमत त्याहून सोडवत नाही. मागून जयसिंहराव, "अहो ऐका, उद्या, उद्या बघू," करत. त्यांच्यामागून दासी, शेवटी मी. वकील उभे राहिले होते.

साहेबांनी मोटारीपाशी खाकरून अदबीनं विचारलं, "बाईसाहेब, घर द्यायला आपली संमती आहे का?"

"नाही म्हणून एकदा सांगितलं," पाठीमागून उत्तर आलं.

साहेबांनी पडदा उचलला. रिकामी सीट, ओला रुमाल आणि थांबलेला पंखा. वकिलांत कुणीतरी हसलं, मग सगळेच.

"राव," साहेब म्हणाले, "घर नको. आणि माणूसही नको. वहिनीला दासी म्हणणाऱ्याच्या हाती मी कचेरीचा शिक्कासुद्धा देणार नाही." ते जिना चढून गेले.

जयसिंहराव मोटारीत बसत दातओठ खात म्हणाले, "बसा मागं. घराण्याचं नाक कापलंत."

"कापलेलं नाक पडद्याआड ठेवून काय करू?" विजयाबाईंनी पुढचं दार उघडलं आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसल्या. हात लांबवून, सॉकेटातली तार न सोडवता, मागचा पंखा ओढून मांडीवर घेतला. "लक्ष्मीकांत, तुम्ही मागं बसा."

"मी? पडद्यात?"

"वकील बघतायत. लाज वाटत असेल तर ओढून घ्या."

जयसिंहराव स्टिअरिंग धरून बसून राहिले. बाहेर टांगेवाले जमू लागले होते. एकानं हाक दिली, "सरकार, धक्का लगाएँ?"

"चावी फिरवा, भाऊजी," विजयाबाई म्हणाल्या. "मला उकडतंय."

त्यांनी चावी फिरवली. पंखा फिरू लागला, आणि मी पडदा ओढून घेतला.