नोंदवहीबाहेरचे तास

कामगार अधिकारी थेटे यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि पालिकेचे म्हणणे लवादासमोर वाचून दाखवले.

"सन १९७७ या वर्षात अग्निशामक दलाने प्रत्यक्ष कामावर घालवलेला काळ तीनशे अकरा तास वीस मिनिटे इतका भरतो. उरलेल्या काळात सदर कर्मचारी केंद्राच्या आवारात विश्रांती घेत होते. सबब त्यांचे काम मुख्यतः खंडित स्वरूपाचे असून आठ तासांच्या पाळीची व जादा कामाच्या वेतनाची मागणी अग्राह्य आहे."

आकडा बिनचूक होता. त्याची बेरीज कुणीही करून पाहावी, तीनशे अकरा तास वीस मिनिटेच येतील. फक्त तो तास कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे पालिकेने सांगितले नव्हते. बंब फाटकाबाहेर पडला की तास सुरू होई आणि "आग विझली" असा निरोप टेलिफोनवर आला की संपे. मग माणसे राखेत उभी राहून पुन्हा पेट घेणारा कोपरा शोधत, ते मोजणीत नव्हते. चिखलाने जड झालेले होजपाइप ओढत आणणे, धुणे, मनोऱ्यावर वाळत टाकणे, टाकी पुन्हा भरणे, हेही नव्हते. अठ्ठेचाळीस तासांची हजेरी आणि चोवीस तासांची सुट्टी, असे बावीस वर्षे चालले होते. त्या अठ्ठेचाळीस तासांत माणूस खाटेवर पडत असे, पण खाटेच्या पायथ्याशी गमबूट उभे असत आणि बुटांतच विजार खोचून ठेवलेली असे, म्हणजे घंटा झाली की दोन्ही पाय एकदमच आत. पालिकेच्या भाषेत ही विश्रांती होती. पालिकेच्या भाषेला खाट दिसत होती आणि बूट दिसत नव्हते, एवढाच काय तो फरक.

मागच्या बाकावर मल्हारी गांगुर्डे गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. वय सत्तावन्न, निवृत्तीला चौदा महिने. केंद्रातल्या टेलिफोनपाशी बसून वर्दी घेणे, म्हणजे आगीचा वा अपघाताचा निरोप घेऊन घंटा देणे, हे त्याचे अकरा वर्षांचे काम. थेटेसाहेबांच्या पुढ्यात जी लाल पाठीची नोंदवही होती, तिच्यातले अक्षर न् अक्षर त्याचे होते. वाचन चालू असताना त्याने एकदाही मान वर केली नाही. वही किती खोल आहे ते त्या खोलीत त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

गोष्ट अशी होती. आग विझवण्याबद्दल पालिका काही घेत नसे. पण विहिरीत पडलेले जनावर, नदीतले प्रेत, कोसळलेल्या भिंतीखालचे माणूस, ही 'विशेष सेवा' ठरवली होती आणि तिला फी होती. नोंद झाली की बिल जाई. बहात्तरच्या दुष्काळात विहिरींचे तळ उघडे पडले आणि गाळात रुतलेल्या गुरांसाठी रोज वर्दी येऊ लागली. पंचवटीपलीकडच्या एका शकुबाईची गाय वर काढली तेव्हा ती मेलेलीच निघाली, आणि आठ दिवसांनी बाईला बिल पोचले. ते बिल घेऊन ती केंद्रावर आली. भांडली नाही. फाटकाशी उभी राहून तिने एवढेच विचारले, की गाय परत विहिरीत टाकली तर हा कागद परत घ्याल का.

त्या दिवसापासून मल्हारीने विशेष सेवा लिहिणे सोडले. कुणी ठराव केला नाही, कुणी हुकूम दिला नाही. बंब बाहेर पडे, परत येई, आणि वहीत त्या वेळेला काही घडलेले नसे. डिझेलचा मेळ 'सराव' म्हणून घातला जाई. केंद्रातल्या चोपन्न माणसांनी हे सहा वर्षे पाळले, आणि त्यांना हे कधी सुचले नाही की गरिबांची फी वाचवायला न लिहिलेला प्रत्येक तास ते स्वतःच्या पगारातून खोडत आहेत. आता पालिका तीच वही घेऊन उभी होती आणि त्यांचे औदार्य त्यांच्या आळसाचा पुरावा म्हणून वाचून दाखवत होती.

दुपारी सुट्टी झाली. कचेरीच्या भिंतीला लागून असलेल्या चहाच्या टपरीवर संघटनेचा अध्यक्ष केरू पगारे त्याला बाजूला घेऊन बसला. केरू त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. रागीट, पण हिशेबी. त्याची स्वतःची साक्ष सोमवारीच संपली होती. ओझरच्या विमान कारखान्यातला अग्निशामक आठ तास काम करतो आणि जादा तासांना दुप्पट घेतो, हे त्याने चांगले मांडले होते. लवादांनी ते लिहून घेतले आणि म्हणाले होते, तो कारखाना आहे. गेल्या आठवड्यात केरू स्वतः घरोघर हिंडून आला होता. ज्यांची जनावरे, ज्यांची माणसे काढली, त्यांतले कुणी येऊन सांगेल का? दारे लावली गेली. साक्ष द्यायची म्हणजे मागची फी कबूल करायची, हे लोकांना संघटनेच्या आधी कळले होते.

"दादा, तुम्ही उभे राहिलात की पहिली नोटीस तुम्हालाच," केरू म्हणाला.

"माहीत आहे."

"बडतर्फ करतील. चौदा महिने राहिलेत. वहिनींना सांगितलंत?"

"सिंधूला सांगितलं. ती म्हणाली, लिहायचं सोडलंस तेव्हा मला विचारलं होतंस का."

केरू हसला नाही.

"मग उभे राहणारच असाल तर नाव घ्या. थेट्याचं. त्याच्या विहिरीवर आपण पाच तास घातले. दोर त्यानं धरला होता. समोर बसून तोच आपल्याला झोपाळू म्हणतोय, आणि आपण ऐकून घ्यायचं?"

मल्हारीने चहा बशीत ओतला आणि निवू दिला.

"तू शिडी आणायला रस्त्यावर गेला होतास."

"म्हणून काय झालं?"

"खाली काय ठरलं ते तुला माहीत नाही."

तो बशी तशीच ठेवून उठला.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमधली ती वर्दी; त्या दिवशी माणसे कमी पडली म्हणून मल्हारीही टेलिफोन दुसऱ्याकडे सोपवून बंबावर गेला होता. गंगापूरच्या बाजूला थेट्यांचा मळा होता. बंब बांधापाशीच थांबवावा लागला. थेटे तेव्हा नुकते कामगार अधिकारी झाले होते. आईचा पाय घसरला, असे त्यांनी सांगितले. मल्हारीने विहिरीच्या काठावर पाहिले, तर चपला होत्या, शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढाव्यात तशा. घसरलेले माणूस चपला जोडून ठेवत नाही. त्याने दोर कमरेला बांधला आणि उतरला. अशा मळ्यांतल्या विहिरीचे पाणी त्याच्या बापाने उभ्या जन्मात स्वतःच्या हाताने शेंदले नव्हते; वरून कुणी ओतले तर ओंजळीत घेतले होते. मुलाला मात्र आत उतरायला सगळ्या घराने वाट करून दिली.

अर्ध्यावर तुटलेल्या पायरीवर थेट्यांची आई, आक्काबाई, बसली होती. सत्तरीची, ओल्या लुगड्यात, रात्रभर. दोन्ही सुनांनी तिचे ताट वेगळे काढले होते, मग वेगळे ताटही विसरले जाऊ लागले होते. हे तिने सांगितले नाही, पुढे मळ्यातल्या गड्याने सांगितले. ती वर यायला तयार नव्हती. दोन तास तो तिच्या खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसला आणि पाऊसपाण्याचे बोलला. शेवटी तिनेच विचारले.

"तू हे लिवनार का रं?"

"नियमानं लिहावं लागतं, आजी."

"मंग मी नाय येत. तू जा वर." ती पुटपुटल्यासारखी बोलत होती. "कागदावर आलं म्हंजे माझ्या लेकाचं नाव जाईल. लोकं म्हनतील, साहेब झाला आन् आईला इहिरीत बसवली."

"नाही लिहिणार."

"कुटंच नाय? कुनाच्याच कागदावर नाय?"

"कुठंच नाही."

"शपथ घे."

"आमच्यात शपथ घेत नाहीत. शब्द देतो."

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले. वर आल्यावर थेटे दोर सोडून बाजूला झाले, आणि बायकांनी म्हातारीला घरात नेण्याआधी अंगणातच तिच्या डोक्यावरून दोन घागरी पाणी ओतले. ती गारठली होती, तरी. चार दिवसांनी केंद्रावर द्राक्षांची पाटी आली. कुणी पाठवली ते सांगितले नव्हते. सगळ्यांनी खाल्ली, मल्हारीनेही खाल्ली.

तीन वाजता त्याचे नाव पुकारले गेले. तो उभा राहिला आणि त्याने जे सांगायचे ते न अडखळता सांगितले: नोंदवही त्याने लिहिली, बहात्तरपासून विशेष सेवेची एकही वर्दी त्याने लिहिली नाही, ते तास मोजले तर वर्षाला आठशेच्या खाली येणार नाहीत. टंकलेखकाची बोटे थांबत नव्हती. लवाद, एक निवृत्त न्यायाधीश, सावकाश पुढे झुकले.

"म्हणजे नोंदवही खोटी आहे?"

"खोटी नाही, साहेब. तिच्यात आहे ते घडलं आहे. घडलं ते सगळं तिच्यात नाही."

"हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"माझ्या."

"याचे तुमच्यावर काय परिणाम होतील, कल्पना आहे?"

"आहे."

खोलीत मागे बसलेल्या, सुट्टीवर असलेल्या माणसांत हालचाल झाली. कुणीतरी खोकले. लवादांनी बराच वेळ काही लिहिले, आणि त्या वेळात केरूला वाटले, हे होणार. म्हातारबोवाने आपले घर जाळून चोपन्न घरे उजळली. मग लवादांनी थेट्यांकडे पाहिले. उलटतपासणी त्यांनी करायची होती.

थेटे उठले. त्यांनी मल्हारीकडे पाहिले नाही; वहीच्या लाल पाठीवर बोट ठेवून विचारले.

"संघटनेच्या सभासदांखेरीज, ज्याचं काम तुम्ही केलंत आणि लिहिलं नाहीत, असा एक तरी माणूस तुम्ही सांगू शकता? एक नाव. फक्त एक."

मल्हारीला आधी वाटले, आपण चुकीचे ऐकले. त्याने थेट्यांच्या हाताकडे पाहिले. चार वर्षांपूर्वी तो हात दोराने सोलला होता. आता त्यावर काही खूण नव्हती. केरू बाकावरून अर्धा उठला होता. टंकलेखकाने यंत्रात नवा कागद चढवला, आणि तो गोल फिरून वर आला तो स्वच्छ पांढरा होता. मल्हारी त्या कागदाकडे बघत राहिला.

"वेळ घ्या," लवाद म्हणाले. त्यांच्या आवाजात दया होती. नाव आले असते तर निकाल बदलला असता, हे त्या आवाजावरून कुणालाही कळले असते.

"नाही," मल्हारी म्हणाला. "असा कोणी नाही."

लवादांनी तिथल्या तिथे शेरा सांगितला: स्वतंत्र पुराव्याअभावी नोंदवहीतील तासच ग्राह्य धरण्यात येत आहेत, साक्षीदाराने कबूल केलेल्या गैरवर्तनाची दखल पालिकेने स्वतंत्रपणे घ्यावी. केरू बाहेर निघून गेला. जाताना तो मल्हारीच्या बाकाशेजारून गेला, थांबला नाही.

जबाबाच्या प्रती तयार व्हायला पाच वाजले. प्रत्येक पानावर साक्षीदाराची सही, खाली पालिकेच्या प्रतिनिधीची. कारकून शिक्का आणायला गेला आणि टेबलाशी दोघेच उरले. मल्हारी एकेक पान सही करून सरकवत होता, थेटे घेत होते. सातव्या पानाशी त्याने विचारले.

"आजी कशा आहेत?"

"गेली," थेटे म्हणाले. "माघात वर्ष झालं."

मल्हारीने पेन उचलून धरले. मग त्याने आठव्या पानावर, 'असा कोणी नाही' या शब्दांखाली, नेहमीच्याच गोल अक्षरात सही केली.

"साहेब, एक विचारतो. तो प्रश्न तुम्ही विचारलात. मी नाव घेतलं असतं तर?"

थेट्यांनी आपली सही पुरी केली. शाई वाळेपर्यंत थांबले. पेनला टोपण लावले, आणि दाराकडे एकदा पाहून खालच्या आवाजात, एखादी साधी माहिती द्यावी तसे म्हणाले:

"तुम्ही घेतलं नसतंत. विहिरीतलं बोलणं वर ऐकू येतं, गांगुर्डे. मी दोर धरून काठावरच उभा होतो. आईनं तुमच्याकडून काय कबूल करून घेतलं, ते सगळं मी ऐकलं होतं."