साडेआठच्या आत सगळं

गल्लीत तिला सगळे लगबगबाई म्हणत, आणि तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. तिला त्याचं कौतुकच वाटे. लोक डोळे चोळत उठायच्या आत जिची निम्मी कामं झालेली असतात, तिनं लाजायचं कशाला? पँटी आखूड करणं, चेन बदलणं, ढगळ कपडे मापात बसवून देणं हा तिचा घरातून चालणारा धंदा. "उद्या देते" हे शब्द तिच्या तोंडून अजून कुणी ऐकले नव्हते.

त्या दिवशी मात्र पायाला भिंगरी लागायचं कारण वेगळं होतं. अकरा वाजता तिचं ऑपरेशन होतं. पित्ताशयातले खडे काढायचे होते. "अगदी किरकोळ," डॉक्टर म्हणाले. "अगदी किरकोळ," नवरा म्हणाला. लेकीनंही फोनवर तेच सांगितलं. ज्यांच्या पोटाला भोकं पडायची नव्हती, त्या सगळ्यांना ते किरकोळ वाटत होतं. तिला खड्यांची भीती नव्हती, चाकूचीही नव्हती. भीती होती ती भुलीची. आपल्याला झोपवतील आणि मग जागच आली नाही तर? पण हे बोलायचं कुणाशी? नवरा घाबरून रक्तदाब वाढवून घेणार, लेक चिडणार. त्यापेक्षा कामं केलेली बरी.

म्हणून ती अंधारातच उठली. मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, अशी ताकीद होती. तिनं कोरड्या तोंडानं घर झाडलं, चार दिवसांचं सामान डब्यांत भरून ठेवलं आणि नवऱ्याला हलवून कपडे धुण्याच्या मशीनपुढे उभं केलं. नवरा तसा देवमाणूस, पण स्वतःच्या घरात आयुष्यभर पाहुण्यासारखा राहिलेला.

"हे बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"आणि लागला तर?"

"तर मी परत येईपर्यंत अंगावरच्याच कपड्यांत बसा."

'परत येईपर्यंत' म्हणताना तिनं नजर दुसरीकडे वळवली. तिनं पिशवी उचलली आणि ती घराबाहेर पडली.

शिक्षिकेच्या दाराला तिचा स्कर्ट अडकवला. दूधवाल्याला गाठून चार दिवसांचं सांगून ठेवलं. औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात खालून वाकून नवऱ्याच्या गोळ्या मागितल्या. दुकानदार दचकलाच. दुरुस्तीला टाकलेली इस्त्रीसुद्धा तिनं कारागिराला घरातून उठवून ताब्यात घेतली. एकेक काम हातावेगळं झालं की छातीवरचं ओझं जरा हलायचं, आणि चार पावलं गेली की पुन्हा जागेवर येऊन बसायचं. मग ती पुढचं काम आणखी भरभर करायची.

शेवटी राहिलं दोरे-बटणांचं दुकान. चुकीच्या रंगाची रिळं परत करायची होती. तिथला म्हातारा मोठा लहरी. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाबरोबर चहा घेतल्याशिवाय तो गल्ल्याला हात लावायचा नाही. थर्मास उघडायचा, दोन पेले भरायचे, मग व्यवहार. आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक लगबगबाईच. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं.

तिनं रिळं काउंटरवर ठेवली. समोरच्या घड्याळात साडेआठला पाच मिनिटं कमी होती. सगळं झालं होतं! घर, गोळ्या, स्कर्ट, इस्त्री, रिळं. एकही काम मागे नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की ती चक्क हसली. म्हाताऱ्यानं पेला पुढे केला, तिनं घेतला. दोघं नेहमीसारखे उभ्याउभ्या बोलत राहिले. दोरा आता पूर्वीसारखा येत नाही, ओढला की तुटतो, वगैरे.

"आज इस्त्री घेऊन कुठं दौरा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"घरी. मग दवाखान्यात. आज ऑपरेशन आहे माझं."

"म्हणजे उपाशीपोटी असाल ना हो?"

तिनं हातातल्या पेल्यात पाहिलं. तळाला साय तेवढी चिकटली होती.

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "अहो, मला काय माहीत! अर्धाच तर भरला होता," तो म्हणाला. "काही नाही होत तेवढ्यानं. मी नाही कुणाला सांगणार."

जशी काय त्याच्या सांगण्या-न सांगण्यानं पोटातला चहा बाहेर येणार होता! ती घरी कशी पोचली ते तिलाच कळलं नाही. दोनदा दात घासले, चूळ भरली. सांगावं तर ऑपरेशन रद्द. लेकीनं साहेबाच्या किती विनवण्या करून रजा काढली होती. न सांगावं तर... न सांगावं तर तिला जी भीती होती, तीच ती स्वतःच्या हातानं पिऊन आली होती. घरात करायला काहीतरी असतं तर बरं झालं असतं. पण काहीच उरलं नव्हतं. तिनं धुतलेला ओटा पुन्हा पुसला.

लेक टॅक्सी घेऊन आली. रक्तदाबामुळे नवरा घरीच थांबला. वाटेत बोलत होती ती लेकच. दवाखान्यात नर्सनं विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"नाही," लगबगबाई म्हणाली. इतक्या पटकन की नर्सनं मान वर करून पाहिलं.

मग अंगात तो हिरवा झगा चढला. त्याची एक नाडी तुटली होती. "सुई-दोरा मिळेल का?" तिनं विचारलं. लेकीनं डोळे वटारले. तिनं हात मांडीवर ठेवले. तेवढ्यात भूल देणारी डॉक्टर आली. पोरसवदा होती, पण बोलणं शांत.

"आई, शेवटचं काय घेतलंत आणि कधी?"

आता एक शब्द बोलायचा आणि सुटायचं. कामं उरकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हेही तिनं उरकलं असतं. पण त्या पोरीनं उत्तराची वाट पाहिली. घाई केलीच नाही.

"चहा," ती म्हणाली. "दुधाचा. साडेआठच्या आत."

"आई!" लेक ओरडली.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाली. "भुलीत पोटातलं वर येऊन छातीत उतरलं असतं, तर जिवावर बेतलं असतं. आता तुमचा नंबर सगळ्यात शेवटी. दुपार तरी होईल."

ती गेल्यावर लेकीनं तोंडसुख घेतलं. एक चहा सोडवला नाही? रजा काय झाडाला लागते? आयुष्यात कधी उशीर केला नाहीस, आणि नेमका आजच? मग बोलून बोलून तीही थकली आणि फोन काढून साहेबाला निरोप लिहायला लागली.

खोलीत काहीच काम नव्हतं. चादर ताणलेली होती. टेबल रिकामं होतं. दुपार होईपर्यंत फक्त पडून राहायचं होतं, आणि सकाळपासून पाठलाग करणारी ती भीती आता निवांत येऊन उशाशी बसली.

"मला भीती वाटते गं," लगबगबाई म्हणाली.

लेकीची बोटं थांबली. "तुला?"

"जाग नाही आली तर? त्या दिवशी डॉक्टरांनी तारीख दिली, तेव्हापासून झोप नाही मला."

"अगं, मग सांगायचंस ना! इतके दिवस बोलली का नाहीस?"

"वेळ कुठं होता?"

लेकीनं फोन उलटा ठेवला, चपला काढल्या आणि त्या अरुंद पलंगावर आईला सरकवून तिच्या कुशीत आडवी झाली.

"आता आहे," ती म्हणाली. "सांग."