भिंतीपलीकडची टकटक

“टकटक आली नाही म्हणजे बरोबर वाजलं, असं धरून बसू नकोस. आधी येऊन बघ.”

काकांनी असं बजावलं तेव्हा मी तिच्या मांडीवर होते. ती हसली. “काका, तुम्ही शंभरी गाठणार. त्याआधी ही भिंतच पडेल.”

“पडू दे. तू मात्र ये.”

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. माझ्या पोटाला एक लांब चीर आहे आणि ती सांधणारे हात काकांचे. काकांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं. मला तिथे टाकून गेलेला माणूस परत फिरकलाच नाही. काकांनी मला सरस लावून आठ दिवस आवळून ठेवलं आणि पुढे बावीस वर्षं सांभाळलं. मग त्यांची बोटं आखडली, दुकान बंद झालं. तेव्हा त्यांनी मला शेजारच्या तरुण आईच्या हवाली केलं. “नुसती पडून राहिली तर हिची मान वाकेल,” ते म्हणाले. “वाजती राहू दे.”

ती रोज चार वाजता मला घेऊन बसायची. तिची छोटी लेक स्वयंपाकघरात डबे बडवत असायची. सोप्या कॉर्ड तिला लवकर जमल्या. घोडं अडलं ते एफ नावाच्या कॉर्डवर. त्यात पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. तिच्या बोटावर वळ उठायचे, तरी चार तारा मुक्याच राहायच्या.

काका एकटेच राहत. ते भिंतीपलीकडे कान लावून बसायचे. जितक्या तारा मुक्या, तितक्या वेळा टकटक. सगळ्या वाजल्या तर भिंत गप्प राहणार, असं दोघांचं ठरलं होतं. म्हणून तर ती ताकीद.

“कान आहेत की तराजू,” ती पुटपुटायची.

“जोर नको लावूस गं, बोट जरा कडेवर झुकव,” दुसऱ्या दिवशी ते दारात येऊन सांगायचे.

चारवरून दोनवर यायला दीड महिना लागला. तिथे गाडी रुतली ती रुतलीच.

आणि एका मंगळवारी तिने एफ वाजवला, तर भिंत गप्प. तिने पुन्हा वाजवला. गप्पच. माझ्या दोन तारा तशाच मुक्या होत्या. पण ते सांगायला माझ्याजवळ त्या तारांखेरीज होतं काय?

“आज काकांनी एकही चूक काढली नाही,” तिने नवऱ्याला सांगितलं.

“तुला स्वतःला नीट ऐकू आलं ना?”

“माझ्या कानांचं काय घेऊन बसलास? त्यांचे कान खरे.”

बुधवारीही तेच. ती वाजवत असताना स्वयंपाकघरातला डब्यांचा आवाज थांबला, तशी मला पलंगावर टाकून ती धावली. छोटी पिठात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. पोर गप्प झालं की काहीतरी घोळ आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भिंतीचं मात्र तिच्या मनात आलं नाही.

गुरुवारी छोटीला कडेवर घेऊन ती काकांचे आभार मानायला गेली. दाराला आतून कडी होती. शेजाऱ्यांनी दार तोडलं. काका मोरीच्या उंबऱ्याशी पडले होते, श्वास तेवढा चालू होता. मंगळवारी सकाळपासून ते तिथेच होते. “त्याच दिवशी आणलं असतं तर...” डॉक्टर म्हणाले. चार दिवसांनी काका गेले.

त्यानंतर सात महिने मी कपाटावर होते. माझ्यावर धूळ साचली, मान किंचित वाकलीच. काल तिने मला खाली काढलं, पुसलं, एफ वाजवला. चार तारा मुक्या. तिने त्या स्वतः मोजल्या, मग भिंतीपाशी जाऊन चार वेळा टकटक केली आणि तिथेच कपाळ टेकून उभी राहिली.

मित्रांनो, वाद्यांची निगा राखा, असं मी खरं तर सांगायला हवं. पण तारा बदलून मिळतात, मान सरळ करता येते. तुमच्या शेजारी कुणाचा तरी रोजचा खोकला, रेडिओ, चपलांचा आवाज असेल. तो आज कानावर आला का? नसेल, तर सगळं ठीकच असेल असं धरून बसू नका. हातातलं वाद्य खाली ठेवा आणि आधी जाऊन बघा.